मासे सोडू नका, माशांची वाट सोडा

मार्च 2021 मध्ये राज्य सरकारने आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळची 2.11 हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. निमित्त होतं करंगळीपेक्षाही लहान अशा एका माशाचं. शिस्टुरा हिरण्यकेशी हे त्याचं शास्त्रीय नाव. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये तो नवी जात म्हणून जगापुढे आला आणि सहा महिन्यांच्या आत त्याच्या घराला कायद्याचं छत्र मिळालं. वाघासाठी, गव्यासाठी जंगलं राखली जातात हे आपल्या अंगवळणी पडलंय. गोड्या पाण्यातल्या एवढ्याशा माशासाठी सरकार इतक्या तातडीने हललं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. देशात असं फार वेळा घडलेलं नाही.

पण हिरण्यकेशी काही 2.11 हेक्टरांत संपत नाही. उगमावरच्या देवळाच्या कुंडातून निघालेलं पाणी आजऱ्याला जातं, तिथून गडहिंग्लजला, मग कर्नाटकात संकेश्वरावरून घटप्रभेला आणि शेवटी कृष्णेला मिळतं. याच नदीतून, आजऱ्याच्या परिसरातून, 2014 साली आणखी एक नवा मासा नोंदवला गेला होता, पेथिया लॉन्गिकॉडा. उगमावरच्या माशाला वारसा स्थळ मिळालं. त्याच पाण्यात थोडं खाली राहणाऱ्या या माशासाठी काठावर साधी पाटीसुद्धा नाही. नदीचा एक तुकडा राखून मासे राखले जातील का, हा प्रश्न त्यामुळे आंबोलीपुरता राहत नाही. माझं म्हणणं असं की तुकडा जरूर राखावा, पण राखण म्हणजे ‘इथे मासे मारू नका’ एवढंच आपण समजत आलोय आणि तिथेच घात होतोय. नदीतून काय काढलं जातं यावर आपली नजर असते. नदीत काय सोडलं जातं आणि नदीत कोणाची वाट अडवली जाते, याकडे कुणी बघत नाही.

सह्याद्रीतल्या ओढ्यात पावसाळा ओसरल्यावर एखादा गोटा अलगद बाजूला करून बघा. त्याच्या आडोशाला चिकटून बसलेला मळ्या दिसेल. त्याचं पोट सपाट असतं, तोंड खालच्या बाजूला असतं आणि तोंडामागे एक चकतीसारखा भाग असतो. त्या चकतीने तो दगडाला धरून राहतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. वरून पाणी कितीही जोरात कोसळू दे, तो जागचा हलत नाही. ग्लिप्टोथोरॅक्स नावाच्या छोट्या मांगूरवर्गीय माशांच्या छातीवर वळ्या-वळ्यांची पट्टी असते, तिचं काम तेच. परॅप्सिलोऱ्हिंकस हा तर आख्खा गणच भारतीय द्वीपकल्पातल्या डोंगराळ ओढ्यांपुरता. या माशांना खळाळतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं आणि तळाला स्वच्छ गोटे लागतात. पाणी साचलं, गोट्यांवर गाळ बसला की त्यांचं घर आणि जेवण दोन्ही एकदम जातं. कुणी जाळं टाकलेलं नसतं, कुणी गळ लावलेला नसतो. मासा मात्र संपतो.

नीलेश डहाणूकर, रूपेश राऊत आणि अनुराधा भट यांनी 2004 साली पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्यातल्या माशांचा आढावा घेतला, तेव्हा 288 जातींची नोंद झाली होती आणि त्यातल्या 118 जगात दुसरीकडे कुठेही नव्हत्या. त्यानंतर दर काही महिन्यांनी नवी जात नोंदवली जाते, म्हणजे हा आकडा वाढतच चाललाय. आणि हे मासे कुठल्या तरी दूरच्या दऱ्यांत आहेत असंही नाही. आपण ज्याला दख्खनचा महासीर म्हणतो, त्या टॉर खुद्रीचं वर्णन कर्नल साईक्सने 1839 साली केलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. खवलचोर हा मासा 1952 साली पंचगंगेतून शास्त्राला माहीत झाला. दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खाणारा, असा विलक्षण जीव आपल्या कोल्हापूरच्या नदीत होता! आज मुळा-मुठेच्या शहरातल्या पात्रात खुद्री शोधायला कुणी जाणार नाही, आणि पंचगंगेची बातमी येते ती बहुतेक वेळा मेलेल्या माशांच्या खचाचीच.

‘मारू नका’ एवढ्यावर थांबलं की काय होतं, याचा धडा कावेरीत आहे आणि त्याचं एक टोक आपल्या लोणावळ्यात आहे. तो धडा महाराष्ट्रात फारसा सांगितला जात नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कावेरीत एक महासीर होता. पाठीवर कुबड असलेला, जगातल्या सगळ्यात मोठ्या महासीरांपैकी एक. 1946 साली कावेरीच्या कबिनी या उपनदीत गळाला लागलेला 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा महासीर आजही विक्रम म्हणून सांगितला जातो. कर्नाटकातल्या भीमेश्वरी, गालिबोरे, दोड्डमकळी या भागात नदीचा मोठा टप्पा राखीव झाला. आजूबाजूला अभयारण्य. हौशी गळकरी यायचे, मासा पकडायचे, वजन-माप घेऊन परत पाण्यात सोडायचे. पूर्वी सुरुंग लावून मासे मारणाऱ्या गावकऱ्यांनाच राखणदार म्हणून काम मिळालं. नदी संवर्धनाचा आदर्श म्हणून या टप्प्याचं नाव जगभर घेतलं जायचं, आणि राखणीचं काम खरोखरच चोख होतं.

इकडे लोणावळ्याला, वळवणच्या टाटांच्या केंद्रात, 1970 च्या दशकापासून खुद्री महासीरचं कृत्रिम प्रजनन सुरू झालं. धरणांमुळे महासीर नष्ट होतोय, तर त्याची पिल्लं वाढवून नद्यांना परत द्यावीत, हा हेतू अगदी चांगला होता. शास्त्रज्ञांनी त्यासाठी वर्षानुवर्षं कष्ट घेतले. ती पिल्लं अनेक राज्यांना दिली गेली आणि कावेरीतही पोचली. महासीर तो महासीर, अशी त्या वेळची समजूत. कुबडाचा महासीर वेगळा आहे, त्याचं नीट शास्त्रीय नावसुद्धा ठरलेलं नाही, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं.

पुढे 1998 ते 2012 या काळातल्या गळकऱ्यांच्या वह्या संशोधकांनी तपासल्या. खुद्रीची संख्या वर्षागणिक वाढत गेली होती. कुबडाचा महासीर मात्र कमी-कमी होत गेला होता आणि जे थोडे सापडत होते त्यांचं सरासरी वजन वाढत होतं. पहिल्यांदा वाचताना ही आनंदाची बातमी वाटते. तिचा खरा अर्थ असा की उरलेत ते सगळे म्हातारे. नवी पिल्लं तयारच होत नाहीयेत. 2018 साली या माशाची ओळख टॉर रेमादेवी अशी पक्की झाली आणि लगोलग तो आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला. त्याच सुमारास खुद्री संकटग्रस्त यादीतून बाहेर पडून ‘चिंता नसलेल्या’ जातींत गेला. तिकडे कावेरीत कुबडाच्या महासीरच्या गळ्याला फास लागला तो जाळ्याचा नव्हता. राखीव टप्प्यात, राखणदारांच्या डोळ्यांदेखत, संवर्धनाच्या नावाने सोडलेल्या माशाने त्याची जागा घेतली.

मला या गोष्टीत कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. त्या वेळच्या ज्ञानाच्या मर्यादा होत्या. पण आज आपल्याला ते ज्ञान आहे आणि तरीही मासे सोडण्याचा आपला उत्साह तसूभर कमी झालेला नाही, हे मात्र अक्षम्य आहे. कुठल्याही जलपूजनाचा फोटो पाहा. पिशव्यांमधून मत्स्यबीज पाण्यात ओतलं जातंय, मागे टाळ्या वाजताहेत. ते बीज बहुतेक वेळा रोहू, कटला, मृगळ यांचं असतं. हे मासे गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले. तलावात, शेततळ्यात त्यांची शेती जरूर करावी, त्यावर हजारो घरं चालतात. पण डोंगरातून उतरणाऱ्या नदीत ते ओतून आपण नदी समृद्ध केली असं म्हणणं म्हणजे देवराईत निलगिरी लावून वनीकरण झालं म्हणण्यासारखं आहे.

चिलापीचं उदाहरण तर घरोघरी माहीत आहे. 1952 साली हा आफ्रिकेतला मासा भारतात आला. आज उजनीच्या काठावर, भिगवणला कुठल्याही हॉटेलात चिलापीच्या थाळीची पाटी असते. मादी अंडी तोंडात ठेवून राखते, त्यामुळे पिल्लं मोठ्या संख्येने जगतात. घाण पाणी चालतं, कमी प्राणवायू चालतो. आपण नद्या जितक्या बिघडवू तितकं तिचं फावतं. आफ्रिकन मांगूरवर केंद्राने 2000 साली बंदी घातली, तरी तो चोरून पाळला जातो आणि पुरात तळी फुटली की थेट नदीत जातो. आणि गप्पी मासे! डासांवर उपाय म्हणून आरोग्य विभाग ते वाटतात, शाळांमधून मुलांच्या हाती देतात. सिमेंटच्या टाकीत, बंद हौदात ते ठीक. पण झऱ्यात, देवळाच्या कुंडात, ओढ्यात गप्पी सोडणं थांबलंच पाहिजे. डासांच्या अळ्या खाणारे आपले स्वतःचे छोटे मासे त्या पाण्यात आधीपासून आहेत. हिरण्यकेशीच्या कुंडात उद्या कुणी सद्भावनेने मूठभर गप्पी सोडले, तर 2.11 हेक्टरांची अधिसूचना त्यांना पकडून बाहेर काढू शकणार नाही. पाण्यात एकदा सुटलेला परका मासा परत काढता येत नाही, हे माशांच्या बाबतीतलं सगळ्यात कठोर सत्य आहे. तण उपटता येतं. हे उपटता येत नाही.

म्हणून पहिली मागणी साधी आहे. नदीचा जो टप्पा राखीव असेल, तो सरकारी असो की देवाचा, तिथे आणि त्याच्या वरच्या सगळ्या ओढ्यांमध्ये कोणताही मासा सोडायला पूर्ण मनाई हवी. खुद्रीसुद्धा नाही, जोवर त्याच नदीतल्या पालकांपासून ती पिल्लं तयार झालेली नाहीत आणि तिथला मासा संपल्याचं सिद्ध झालेलं नाही.

देवाचे टप्पे म्हटलं, तर त्याबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण महाराष्ट्रात माशांची सगळ्यात जुनी राखण तीच आहे. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे, वरदायिनी देवीचं स्थान. कोंडीत खुद्री महासीर आहेत आणि देवीचे मासे म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही. लोक चणे, कुरमुरे टाकतात, हातभर लांबीचे मासे वर येतात, काळसर पाठ आणि मोठाले खवले क्षणभर दिसतात आणि परत खाली जातात. वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसेश्वराच्या पायाशी असाच डोह आहे. वनखात्याचा एकही शिपाई नसताना पिढ्यानपिढ्या ही राखण चाललीय. ज्यांना हे अंधश्रद्धेचं प्रकरण वाटतं, त्यांनी राखीव नसलेल्या शेजारच्या डोहात किती महासीर उरलेत ते बघून यावं.

तरीही श्रद्धा डोहाच्या काठापर्यंतच पोचते. कर्नाटकात शिशिलाच्या देवळाजवळ कपिला नदीतले असेच देवाचे मासे 1996 साली कुणीतरी पाण्यात विष कालवून मारले. लोकांनी हळहळून त्यांचं स्मारक उभारलं. विष कालवायला डोहात उतरावं लागत नाही. वर एखाद्या वळणावर ब्लीचिंग पावडरची पिशवी रिकामी केली की पुरतं. सुरुंग आणि विष वापरून मासे मारणं 1897 च्या कायद्याने गुन्हा आहे, सव्वाशे वर्षं होऊन गेली. आता तर बॅटरीला तारा जोडून पाण्यात करंट सोडतात. त्यात मोठा मासा घावतो आणि त्याच्याबरोबर बोटभर पिल्लू, खेकडा, बेडूक सगळं उताणं होतं. गावात कोण करंट लावतो हे गावाला माहीत असतं. पोलीस पाटलाला माहीत असतं. गुन्हा नोंदवला गेल्याचं मात्र क्वचितच ऐकू येतं.

दुसरी गोष्ट वाटेची. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला, ओढे लाल पाण्याने भरून वाहू लागले की मासे प्रवाहाच्या उलट चढतात. सिंधुदुर्ग-कोल्हापुरात यांना चढणीचे मासे म्हणतात, रायगड-ठाण्याकडे वळगणीचे. पोटात अंडी भरलेली असतात. मोठ्या नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भातखाचरात, जिथे पाणी उथळ आणि पिल्लांना खायला मुबलक, तिथे ते पोचतात. रात्री टॉर्च आणि पाग घेऊन आख्खी वाडी बांधावर असते. ती रात्र ज्यांनी अनुभवली आहे त्यांना तिची ओढ सांगायला नको. वर्षभर वाट पाहिलेलं ताजं कालवण त्यात असतं, शेजारपाजारचा गलका असतो. मी ती परंपरा बंद करा म्हणणार नाही. पण पूर्वी बांबूचा सापळा एका कडेला लागायचा आणि निम्म्याहून जास्त मासे निसटून वर जायचे. आता नायलॉनचं बारीक जाळं ओढ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत ताणलं जातं. समुद्रात जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि कोळी समाज ती शिस्त पोटाला चिमटा घेऊन पाळतो. मग पहिल्या पुराचे आठ दिवस ओढ्याचं निम्मं तोंड मोकळं ठेवणं एखाद्या ग्रामसभेला जड का जावं?

आणि माणसांच्या जाळ्याहून मोठी आडकाठी काँक्रीटची आहे. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे ही शेतीसाठी मोठी देणगी आहे, हिरण्यकेशीवरही ते आहेत आणि त्यांच्या पाण्यावर ऊस उभा आहे. पावसाळा संपला की बर्गे, म्हणजे बंधाऱ्याच्या खांबांमधल्या फळ्या, घालायचे, पावसाळ्याआधी काढायचे, असा त्यांचा रिवाज. बर्गे काढायला उशीर झाला, काही जागीच अडकले, की पहिल्या पाण्याबरोबर चढू पाहणारा मासा भिंतीवर आपटतो आणि खाली साचलेल्या जथ्यावर जाळी पडतात. हिवाळ्यात सगळे बर्गे एकाच दिवशी बसवले की खालचं पात्र काही दिवस कोरडं पडतं. दोन्ही गोष्टी टाळायला एक रुपया खर्च येत नाही, फक्त पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकात मासा नावाचा एक वाटेकरी धरावा लागतो.

खोलीकरणाबद्दलही बोलायला हवं, कारण ते लोकप्रिय आहे. जलयुक्त शिवारच्या काळात ओढ्यांमध्ये जेसीबी उतरले, अजूनही उतरतात. गाळाने भरलेल्या नाल्यात याचा उपयोग होतो. पण डोंगरपायथ्याच्या नदीत डोह, मग गोट्यांवरून खळाळणारा उथळ भाग, मग पुन्हा डोह अशी रचना असते. महासीर अंडी घालतो त्या गोट्यांमध्ये आणि उन्हाळा काढतो डोहात. जेसीबीने सरसकट एका पातळीत चर खणला की डोहही जातो आणि खळाळही. कागदावर पाणीसाठा वाढतो, पात्रात मात्र गटार उरतं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: माशांपेक्षा माणसं महत्त्वाची. तो आक्षेप मला मान्य आहे, म्हणूनच विचारतो की कुठली माणसं? रायगडच्या ओढ्यांमध्ये हाताने, गळाने मासे-खेकडे धरून पोट भरणारी कातकरी कुटुंबं आहेत. नदीतले स्थानिक मासे गेले की सगळ्यात आधी त्यांचं ताट रिकामं होतं. महाडच्या रासायनिक वसाहतीखाली सावित्रीत जाळं टाकणाऱ्या भोईला विचारा, त्याच्या वडिलांच्या वेळी काय मिळायचं. राखीव टप्प्याचं कुंपण उभारून याच लोकांना आधी हाकलायचं आणि वरच्या अंगाला रसायनं, वाळूउपसा, करंट तसाच चालू द्यायचा, अशी राखण मला नको आहे. कावेरीच्या गळकऱ्यांनी एक गोष्ट बरोबर केली होती, त्यांनी नदी जाणणाऱ्या माणसांनाच राखणदार नेमलं. आपल्याकडे 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे, लोकजैवविविधता नोंदवही आहे. अनेक ठिकाणी ती नोंदवही बाहेरची संस्था येऊन भरून देते आणि माशांच्या पानावर रोहू-कटला लिहिलेला असतो. भोई, कातकरी, कोळी यांना त्या समितीत बसवून, ओढ्याच्या काठावर उभं राहून ते पान पुन्हा लिहिलं, तर गावाला कळेल की आपल्याकडे काय आहे आणि कुठला मासा किती वर्षांत दिसलेला नाही.

हिरण्यकेशीपासूनच सुरुवात करता येईल. उगम सिंधुदुर्गात, मधला प्रवाह कोल्हापुरात, शेवट बेळगाव जिल्ह्यात. वनखातं, मत्स्यव्यवसाय खातं, पाटबंधारे खातं तिघांची कार्यालयं वेगळी. आंबोलीच्या कुंडाभोवती आता राखण आहेच. तिच्या खालच्या अंगाला आजरा तालुक्यातल्या गावांनी दर काही मैलांवर एकेक डोह राखायचा ठरवला आणि त्यामधला प्रवाह मोकळा ठेवला, तर सलग नदी उभी राहते. त्यासाठी पहिली बैठक मेअखेरीस आजऱ्यात घ्यावी लागेल, पाऊस लागण्याआधी. विषय दोनच ठेवावेत: कुठल्या बंधाऱ्याचे बर्गे कुठल्या तारखेला निघणार, आणि या वर्षी नदीत कुणीही, कुठलंही मत्स्यबीज सोडणार नाही.